मूत्रविकार असलेल्या पाळीव जनावरांना सुरक्षित भूल

शेतकऱ्याच्या दावणीचा बैल, भूमिहीन कुटुंबाच्या अंगणातील बोकड आणि शहरांतील घराघरांतून सांभाळली जाणारी कुत्री-मांजरे यांना जडणाऱ्या आजारांत मूत्रपिंडाचे आणि मूत्रमार्गाचे विकार विशेष गंभीर समजले जातात. मूतखडा काढणे, अडलेली लघवी मोकळी करणे, मूत्राशय फुटल्यास ते शिवणे अशा कामांसाठी जनावराला भूल द्यावी लागते. कित्येकदा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या जनावरावर दात, गाठ किंवा मोडलेले हाड अशा निराळ्याच कारणासाठी शस्त्रक्रिया करणे भाग पडते आणि तेथेही भुलीवाचून गत्यंतर नसते.

"भूल दिली आणि जनावर उठलेच नाही" असे उद्गार खेड्यापाड्यांतून ऐकू येतात. या भीतीपोटी लघवी अडलेले जनावर दोन-दोन, तीन-तीन दिवस घरगुती उपायांवर ठेवले जाते आणि अगदी निर्वाणीच्या वेळी दवाखान्यात आणले जाते. तोपर्यंत रक्तात विषारी द्रव्ये साठलेली असतात, हृदय दुबळे झालेले असते. असे जनावर दगावले म्हणजे दोष भुलीच्या माथी येतो आणि गावातील पुढचा पशुपालक आणखी उशीर करतो. हे दुष्टचक्र मोडावयाचे असेल, तर मूत्रविकार असलेल्या जनावराला भूल केव्हा धोक्याची ठरते व केव्हा ती बव्हंशी निर्धोक होते, हे गावातील जाणत्या मंडळींनी समजून घेणे अगत्याचे आहे. या साऱ्या शास्त्राचे सार एका वाक्यात सांगता येईल : आधी जनावर सावरावे, मग भूल द्यावी.

धोका किती, कोणाला?

ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८ हजार कुत्री व ७९ हजार मांजरे यांना दिलेल्या भुलीची व गुंगीच्या औषधांची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. निरोगी कुत्र्यांमध्ये भुलीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण २,००० मध्ये १ इतके, तर निरोगी मांजरांमध्ये सुमारे ९०० मध्ये १ इतके आढळले. आजारी जनावरांत मात्र हेच प्रमाण कुत्र्यांत सुमारे ७५ मध्ये १ व मांजरांत सुमारे ७० मध्ये १ असे होते. म्हणजे निरोगी कुत्र्याच्या तुलनेत आजारी कुत्र्याला असलेला धोका पंचवीस पटींहून अधिक होता. औषधे बहुतांशी तीच असता फरक पडला तो जनावराच्या प्रकृतीमुळे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी प्रकृती जेवढी सुधारता येईल, तेवढा धोका कमी होतो.

मूत्रपिंड आणि भूल यांचा संबंध

मूत्रपिंडे आकाराने लहान असली तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या त्यांच्याकडे जातो. रक्त गाळणे, शरीरातील पाणी व क्षार यांचा समतोल राखणे, आम्लता आटोक्यात ठेवणे आणि तांबड्या पेशी तयार करण्यास चालना देणारे संप्रेरक निर्माण करणे ही त्यांची प्रमुख कार्ये होत. रक्तदाब थोडाफार वरखाली झाला तरी निरोगी मूत्रपिंड आपल्याकडे येणारा प्रवाह सावरून धरते. परंतु सरासरी रक्तदाब पाऱ्याच्या ६० ते ७० मिलिमीटरच्या खाली उतरला म्हणजे ही शक्ती संपते आणि मूत्रपिंडाच्या पेशींना रक्त व प्राणवायू अपुरा पडू लागतो.

भुलीच्या बहुतेक औषधांनी रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयाचा जोर कमी होतो व रक्तदाब उतरतो. निरोगी जनावर ही घट काही काळ सोसते. ज्याच्या मूत्रपिंडाचा मोठा भाग आधीच निकामी झाला आहे, त्याच्या उरलेल्या भागाला मात्र अर्ध्या तासाचा कमी रक्तदाबही बाधू शकतो. अशा वेळी जनावर शुद्धीवर येते, चालू लागते, मालक समाधानाने घरी जातो आणि तीन-चार दिवसांनी उलट्या, अन्नावरील वासना जाणे, मलूलपणा ही लक्षणे दिसू लागतात. भुलीने झालेली हानी अशी मागाहून प्रकट होते.

उलट बाजूनेही विचार करावयास हवा. मूत्रपिंड बिघडले म्हणजे रक्तात आम्ल व विषारी द्रव्ये साठतात, रक्तक्षय होतो, रक्तातील प्रथिने घटतात. त्यामुळे भुलीच्या औषधाची नेहमीची मात्रा अशा जनावराला जास्त ठरते. शिवाय जी औषधे लघवीवाटे बाहेर पडतात, त्यांचा अंमल लांबतो. मांजरांमध्ये केटामीन या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या औषधाचा निचरा मोठ्या प्रमाणावर मूत्रपिंडावाटे होतो. लघवी अडलेल्या मांजराला ते पूर्ण मात्रेत दिले तर गुंगी तासन् तास उतरत नाही.

भुलीपूर्वीची तपासणी

जनावर वरकरणी धडधाकट दिसते म्हणून त्याची मूत्रपिंडे चांगली आहेत असे समजणे चुकीचे ठरते. निसर्गाने या अवयवाला मोठी राखीव शक्ती दिली आहे. मूत्रपिंडाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग निकामी झाल्यावर लघवी पातळ होऊ लागते आणि रक्तातील क्रिएटिनिन हे द्रव्य ठळकपणे वाढते, तेव्हा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग गमावलेला असतो. म्हणून वय झालेल्या कुत्र्या-मांजरांची भुलीपूर्वी रक्ताबरोबर लघवीचीही तपासणी करणे हितावह असते. लघवीची घनता पाहण्याचे साधन स्वस्त आहे, ते हाताळण्यास सोपे आहे आणि क्रिएटिनिन वाढण्याच्या आधीच ते इशारा देते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचे चार टप्पे मानले जातात. कुत्र्याच्या १०० मिलिलिटर रक्तात क्रिएटिनिन १.४ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर पहिला, १.४ ते २.८ पर्यंत दुसरा, २.९ ते ५ पर्यंत तिसरा व त्यापुढे चौथा टप्पा समजतात. मांजराच्या बाबतीत पहिल्या टप्प्याची मर्यादा १.६ आहे. पहिल्या दोन टप्प्यांतील जनावराला योग्य दक्षता घेऊन भूल देता येते. तिसऱ्या व चौथ्या टप्प्यांत मात्र शस्त्रक्रिया टाळता येईल काय, पुढे ढकलता येईल काय, याचा प्रथम विचार होतो. ती अटळच असेल तर शिरेवाटे द्रवपदार्थ देऊन, क्षारांचा तोल सुधारून व रक्तदाब मोजून मगच पुढचे पाऊल टाकले जाते.

पावसाळ्यात आणखी एका शक्यतेकडे लक्ष ठेवावे लागते. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगात कुत्र्याची मूत्रपिंडे व यकृत झपाट्याने बिघडतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत माणसांमध्ये या रोगाने घातलेला धुमाकूळ अनेकांना स्मरत असेल. ताप, कावीळ, लघवी कमी होणे अशी लक्षणे असलेल्या कुत्र्याला तातडीच्या कारणावाचून भूल देऊ नये. त्याच्या लघवीतून माणसालाही संसर्ग होऊ शकतो. यास्तव हाताळणाऱ्यांनी हातमोजे वापरणे आवश्यक आहे.

लघवी अडली असता

मूत्रमार्ग बंद होणे ही खऱ्या अर्थाने तातडीची बाब होय. नर मांजराचा मूत्रमार्ग अत्यंत अरुंद असतो. खडे, वाळूसारखे कण किंवा चिकट स्रावाची गुठळी त्यात अडकली की लघवी तुंबते आणि एक ते दोन दिवसांत प्राणावर बेतते. पुन्हा पुन्हा मूत्रविसर्जनास बसणे, कुंथणे, ओरडणे, लघवीची जागा सतत चाटणे ही त्याची चिन्हे होत. पुष्कळ लोक यालाच बद्धकोष्ठ समजून रेचक देतात आणि मोलाचा वेळ वाया जातो.

लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढते. त्याचे स्वाभाविक प्रमाण प्रतिलिटर सुमारे ३.५ ते ५.५ मिलिइक्विव्हॅलंट असते. ते ६ च्या वर गेले म्हणजे भूल देणे धोक्याचे होते व ८ च्या आसपास हृदयाची लय केव्हाही बिघडू शकते. एरवी तपासणीच्या टेबलावर घाबरलेल्या मांजराच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १६० च्या वर असतात. लघवी अडलेल्या मांजराचे ठोके १२० पेक्षा कमी लागले आणि अंग गार पडले असेल, तर रक्ततपासणीची सोय नसतानाही पोटॅशियम फार वाढले आहे असे गृहीत धरून पशुवैद्य उपचारास लागतो.

या उपचाराचा क्रम ठरलेला आहे. प्रथम शिरेत सुई बसवून द्रवपदार्थ सुरू करावयाचे. त्यानंतर हृदयाच्या संरक्षणासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट सावकाश द्यावयाचे. त्याने पोटॅशियम उतरत नाही, परंतु हृदयावरील त्याचा घातक परिणाम काही काळ रोखला जातो. मिळालेल्या अवधीत इन्शुलिन व ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलले जाते. मूत्राशय फुगून फुटण्याच्या बेतात असेल तर पोटावरून बारीक सुई घालून काही लघवी काढून घेता येते. ठोके सुधारले, अंगात ऊब आली म्हणजे मग हलकी भूल देऊन मूत्रमार्गात नळी घालावयाची. या तयारीला पुष्कळदा तास-दोन तास लागतात. "डॉक्टर नुसती सलाईन लावून बसले, नळी घालत नाहीत" अशी तक्रार मालकाने अशा वेळी करू नये. तो वेळ जनावराच्या प्राणांसाठीच खर्च होत असतो.

शेपटीच्या मुळाशी कण्यात बधिरीकरणाचे औषध देऊन नर मांजराचा मूत्रमार्ग सैल करण्याची पद्धत २०११ पासून पशुवैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहे. तिच्यामुळे संपूर्ण भुलीची मात्रा पुष्कळ कमी करता येते व अत्यवस्थ मांजराला तिचा मोठा आधार होतो.

औषधांची निवड

मूत्रविकारासाठी अमुक एकच औषध सर्वथा सुरक्षित, असे सांगता येत नाही. एकाच औषधाची मोठी मात्रा देण्याऐवजी निरनिराळ्या गुणांच्या दोन-तीन औषधांच्या लहान मात्रा द्याव्यात, त्या हळूहळू द्याव्यात आणि परिणाम पाहून पुढे जावे, हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. ब्युटॉर्फेनॉल किंवा फेंटानिल यांसारखी अफूवर्गीय वेदनाशामके हृदय व रक्तदाब यांवर तुलनेने कमी ताण आणतात. त्यांच्या जोडीला अल्प मात्रेत डायझेपाम वापरतात. यामुळे पुढे द्यावयाच्या श्वासावाटेच्या भुलीची गरज घटते.

श्वासावाटे देण्याच्या औषधांचा इतिहासही बोलका आहे. १९६० च्या सुमारास प्रचारात आलेल्या मेथॉक्सिफ्लुरेनचे शरीरात मोठ्या प्रमाणावर विघटन होऊन फ्लोराइड निर्माण होत असे आणि त्याने खुद्द माणसांची मूत्रपिंडे बिघडल्याचे त्याच दशकात उघड झाले. त्यामुळे ते संपूर्ण भुलीसाठी वापरणे मागे पडले. आज वापरात असलेल्या आयसोफ्लुरेनचा अगदी अत्यल्प अंश शरीरात विघटन पावतो. बाकीचा श्वासावाटेच बाहेर पडतो. या दृष्टीने ते मूत्रपिंडाला मानवते. तथापि मात्रा वाढली की तेही रक्तदाब उतरवते. म्हणून ते बेताने देणे इष्ट होय.

झायलाझीन हे औषध आपल्याकडील दवाखान्यांत सर्रास वापरले जाते. ते स्वस्त आहे व त्याचा गुणही लवकर येतो. परंतु मूत्रविकारात त्याचे दोन दोष आहेत. ते हृदयाचे ठोके मंद करते आणि लघवीचे प्रमाण वाढवते. मूत्रमार्ग बंद असताना लघवी वाढली तर मूत्राशय फुटण्याची भीती असते. गाई-बैल व शेळ्या या औषधाला विलक्षण संवेदनशील आहेत. घोड्याला लागणाऱ्या मात्रेचा सुमारे दहावा हिस्सा गुरांना पुरतो. लघवी अडलेल्या बोकडाला केवळ आवरण्यासाठी म्हणून झायलाझीन टोचणे या कारणास्तव टाळले पाहिजे.

बैल आणि बोकड

महाराष्ट्रातील पशुपालकाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा. गुरांच्या नराचा मूत्रमार्ग लांब असून वाटेत त्याला इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वळण असते. मूतखडा बहुधा या वळणावर अडकतो. बोकडाच्या बाबतीत लिंगाच्या टोकाशी असलेल्या बारीक शेपटीसारख्या तंतूतही तो अडतो. लहान वयात खच्चीकरण केलेल्या नरात मूत्रमार्गाची पुरेशी वाढ होत नाही, त्यामुळे त्यांच्यात हा त्रास अधिक दिसतो. जनावर पाय ताणून उभे राहते, शेपटी वारंवार उचलते, कुंथते, थेंबथेंब लघवी होते अथवा मुळीच होत नाही. पुढे एकाएकी जनावर शांत झाले व पोटाचा घेर दोन्ही बाजूंनी वाढू लागला, तर ते बरे झाले असे समजू नये. मूत्राशय फुटून लघवी पोटात साठू लागली, असा त्याचा अर्थ असण्याचा संभव असतो.

रवंथ करणाऱ्या जनावराला संपूर्ण भूल देणे मुळातच जोखमीचे असते. आडवे पाडल्यावर भरलेल्या पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर व फुप्फुसांवर पडतो, वायू साठून पोट फुगते आणि पोटातील द्रव तोंडात येऊन श्वासनलिकेत उतरण्याची धास्ती असते. त्यात मूत्रविकाराची भर पडली म्हणजे धोका दुणावतो. म्हणून बैलाच्या बाबतीत शक्य तेथे संपूर्ण भूल टाळून भागापुरते बधिरीकरण करतात. शेपटीच्या मुळाशी, पहिल्या दोन मणक्यांच्या फटीत लिग्नोकेन टोचले की मागचा भाग बधिर होतो, जनावर आपल्या पायांवर उभे राहते आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया करता येते. मात्रा अधिक झाली तर मात्र मागचे पाय लटके पडून जनावर कोसळते. म्हणून ती मोजूनच द्यावी लागते. शेळी-बोकडांना लिग्नोकेनची विषबाधा लवकर होते. त्यांच्यासाठी वजन करून, औषध सौम्य करून वापरण्याची काळजी घेतली जाते.

मूतखडा काढणे अवघड असेल तेव्हा पोटावाटे मूत्राशयात रबरी नळी बसवून लघवीला तात्पुरती वाट करून देण्याची शस्त्रक्रिया अलीकडे रूढ झाली आहे. नैसर्गिक मार्ग मोकळा होईपर्यंत काही दिवस नळीवाटे लघवी बाहेर पडत राहते. या काळात काही प्रकारचे खडे विरघळावेत म्हणून पशुवैद्य ठरावीक मात्रेत नवसागर देतात. ही शस्त्रक्रिया भागापुरत्या बधिरीकरणाखाली व अल्प गुंगीत होऊ शकत असल्याने ग्रामीण दवाखान्यांना ती सोयीची आहे.

शस्त्रक्रिया चालू असताना

या वेळी तीन गोष्टींवर अखंड लक्ष ठेवावे लागते : रक्तदाब, श्वास व शरीराची ऊब. कुत्र्या-मांजरांचा सरासरी रक्तदाब ६० ते ७० च्या खाली जाऊ न देणे हे मुख्य उद्दिष्ट होय. तो उतरू लागल्यास प्रथम भुलीचे प्रमाण कमी करावयाचे, नंतर द्रवपदार्थ व त्यानेही न भागल्यास रक्तदाब वाढविणारी औषधे द्यावयाची, असा क्रम असतो.

द्रवपदार्थांच्या बाबतीत 'जितके अधिक तितके बरे' ही जुनी समजूत आता टिकलेली नाही. पूर्वी भुलीत दर किलो वजनामागे ताशी १० मिलिलिटर द्रव देण्याचा प्रघात होता. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत कुत्र्यासाठी ५ व मांजरासाठी ३ मिलिलिटरपासून आरंभ करावा असे सुचविण्यात आले. बिघडलेले मूत्रपिंड जादा पाणी बाहेर टाकू शकत नाही. ते फुप्फुसात साठून जनावर गुदमरते. यास्तव सलाईनची बाटली लवकर संपावी म्हणून तिचा वेग मालकाने किंवा मदतनिसाने वाढविणे घातक ठरते.

भुलीनंतरचे तीन तास

ब्रिटनमधील उपरोक्त पाहणीतून एक गोष्ट प्रकर्षाने पुढे आली. भुलीशी संबंधित मृत्यूंपैकी कुत्र्यांतील जवळजवळ निम्मे व मांजरांतील सुमारे साठ टक्के मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतर घडले होते आणि त्यांतील बहुसंख्य पहिल्या तीन तासांतील होते. टाके घालून झाले की काम संपले, ही भावना सर्वांनीच सोडली पाहिजे. जनावर पूर्ण शुद्धीवर येऊन मान सावरून बसेपर्यंत त्याच्याजवळ माणूस असावा. त्याला उबदार, कोरड्या जागी ठेवावे. बैल, शेळी यांना आडवे पडू न देता छातीवर बसते करावे, म्हणजे पोटातील वायू तोंडावाटे निघून जातो.

यानंतर लघवीचे मोजमाप महत्त्वाचे ठरते. कुत्र्या-मांजरांत दर किलो वजनामागे ताशी १ ते २ मिलिलिटर लघवी होणे हे चांगले लक्षण समजतात. अडथळा दूर झाल्यावर काही जनावरांना एकदम भरमसाट लघवी होऊ लागते व शरीर कोरडे पडते. अशा वेळी द्रवपदार्थ त्या प्रमाणात वाढवावे लागतात आणि पोटॅशियम उतरले तर तेही भरून काढावे लागते. म्हणूनच 'लघवी सुटली, आता घरी नेतो' असा आग्रह न धरता पशुवैद्य सांगेल तितका काळ जनावर देखरेखीखाली ठेवावे.

वेदनाशामकांबाबत विशेष सावधगिरी हवी. सूज व वेदना कमी करणारी मेलॉक्सिकॅमसारखी औषधे एरवी उपयुक्त असतात. परंतु संकटकाळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरणारी द्रव्येच ती कमी करतात. शरीरातील पाणी घटलेल्या किंवा रक्तदाब उतरलेल्या जनावराला ती देऊ नयेत. या वर्गातील काही औषधे मूत्रपिंडाला किती घातक ठरू शकतात, याचे दारुण उदाहरण भारतीय उपखंडाने पाहिले आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मृत देह खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक यांचाही जनावरांसाठी वापर बंद करण्यात आला. माणसांच्या औषधांच्या दुकानातून गोळी आणून जनावराला देण्याची सवय दुहेरी नुकसान करते.

पशुपालकाची जबाबदारी

भुलीची सुरक्षितता निम्मी दवाखान्यात व निम्मी मालकाच्या हातात असते. लघवी शेवटची केव्हा झाली, जनावर पाणी किती पिते, उलट्या होतात काय, आधी कोणती औषधे, इंजेक्शने वा झाडपाला दिला, हे खरे सांगावे. झालेला उशीर लपवू नये. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर शस्त्रक्रियेच्या दिवशी ती द्यावी की नाही, हे विचारून घ्यावे.

कुत्र्या-मांजरांना शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे सहा तास खाणे देत नाहीत, मोठ्या गुरांना याहून बराच अधिक काळ उपाशी ठेवतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्या-मांजराचे पाणी मात्र भुलीची पहिली सुई देईपर्यंत बंद करू नये. रात्रभर पाण्यावाचून ठेवलेले असे जनावर सकाळी टेबलावर येते तेच कोरडे पडून, आणि तेथेच पहिला धोका उत्पन्न होतो.

मूतखडा होऊच नये यासाठी साधे उपाय आहेत. बोकड लवकर पोसावा म्हणून त्याला धान्य व गव्हाचा कोंडा भरपूर घातला जातो. या खाद्यात फॉस्फरस अधिक व कॅल्शियम कमी असल्याने खडे बनतात. आहारात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या दुप्पट राहील असे पाहावे, वैरण मुबलक द्यावी, मीठ चाटावयास ठेवावे आणि स्वच्छ पाणी सदैव उपलब्ध असावे. थंडीच्या दिवसांत जनावरे पाणी कमी पितात, तेव्हा कोमट पाणी दिल्यास उपयोग होतो.

ग्रामपंचायतीचे कार्य

जनावराला भूल देणे हे नोंदणीकृत पशुवैद्याचेच काम आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यकीय व्यवसायाचा अधिकार नोंदणीकृत व्यक्तीस देण्यात आला आहे. गावोगाव फिरणाऱ्या अनधिकृत व्यक्तीकडून भुलीचे इंजेक्शन टोचून घेणे कायद्यास धरून नाही आणि जनावराच्या हिताचेही नाही. तातडीच्या वेळी १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. हा क्रमांक चावडीवर, दूध संकलन केंद्रावर व शाळेच्या फलकावर ठळकपणे लिहिलेला असावा. अवघड प्रकरणे पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पाठविता येतात. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत असून नागपूर, परभणी, शिरवळ व उदगीर येथेही महाविद्यालये आहेत.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे काम स्थानिक संस्थांकडे आले आहे. ही शस्त्रक्रियाही भुलीखालीच होते. किती कुत्र्यांची नसबंदी झाली एवढीच चौकशी करून पंचायत सदस्यांनी थांबू नये. आजारी, कृश किंवा कावीळ झालेला कुत्रा टेबलावर न घेता त्याच्यावर आधी उपचार होतात काय, भुलीनंतर तो पूर्ण सावध होईपर्यंत देखरेख असते काय, हेही विचारावे. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, लघवीची घनता पाहण्याचे साधन, जनावर तोलण्याचा काटा या वस्तू फार खर्चाच्या नाहीत. नजीकच्या दवाखान्यात त्या आहेत किंवा नाहीत, याची विचारणा मासिक सभेत होऊ शकते.

शिक्षकांनाही या कार्यात वाटा उचलता येईल. घरातील गुराने आज लघवी केली की नाही, हे बहुधा गोठ्यात वावरणाऱ्या मुलांच्याच प्रथम ध्यानात येते. हे लक्षण घरच्या मोठ्यांना लगेच सांगावे, एवढे जरी त्यांच्या मनावर ठसले तरी उपचाराला एक दिवस आधी आरंभ होईल. मूत्रमार्ग बंद झालेल्या जनावराच्या बाबतीत तो एक दिवस पुष्कळदा निर्णायक ठरतो. वेळेवर आणलेले, तपासलेले व सावरलेले जनावर भूल सोसते आणि पुन्हा आपल्या पायांनी दावणीला परत येते.